इम्प्लांट हाडात बसले, हिरडीचे काय?

कोकणातल्या कुठल्याही गवंड्याला विचारा, पावसाळ्यात घर नेमके कुठे गळते? स्लॅबच्या मधोमध क्वचितच. पाण्याचा पाइप जिथे स्लॅब भेदून वर येतो, तिथल्या गोल सांध्यातून गळते. पाइप चांगल्या कंपनीचा असतो, स्लॅबही जाड असतो, पण दोघांमधली फट नीट बुजवलेली नसली की जूनमध्ये ओल, जुलैत पोपडे आणि ऑगस्टमध्ये आतली सळई गंजायला सुरुवात. दाताच्या इम्प्लांटचे दुखणेही बऱ्याचदा असेच असते. स्क्रू मजबूत, हाडही भक्कम, आणि गळती मात्र हिरडीतल्या सांध्यातून.

रायगड जिल्ह्यातल्या तळ्याचे एक निवृत्त गुरुजी डोळ्यांसमोर आणू. गुरुजी काल्पनिक आहेत, पण त्यांच्यासारखी माणसे तालुक्यात घरोघरी सापडतील. खालची दाढ किडून काढावी लागली. मुलगा मुंबईला. तो म्हणाला, ‘बाबा, कवळी नको, इम्प्लांटच करून घ्या.’ मग तळ्याहून एसटीने इंदापूर किंवा माणगाव, तिथून गाडी, अशा चार-पाच फेऱ्या झाल्या. पेन्शनमधले हजारो रुपये गेले, पण दात उत्तम बसला. वाल, सुकट, भाकरी सगळे चावता येऊ लागले. पाच-सहा वर्षांनी ब्रश करताना तिथून थोडे रक्त येऊ लागले. दुखत नव्हते, म्हणून दुर्लक्ष झाले. दुखू लागले तेव्हा एक्स-रेत स्क्रूभोवतीचे हाड वाटीसारखे खचलेले दिसले. गुरुजींचा प्रश्न साधा होता : लोखंडासारखा स्क्रू, त्याला कीड लागत नाही, मग बिघडले काय?

उत्तर समजायला आधी नैसर्गिक दाताकडे पाहावे लागते. आपले शरीर बाहेरून कातडीने आणि आतून श्लेष्मल त्वचेने सलग मढवलेले आहे. नखे आणि केस त्या त्वचेचीच निर्मिती असल्यामुळे त्यांनी हे आवरण भेदले असे म्हणता येत नाही. खऱ्या अर्थाने ते भेदून हाडातून बाहेर डोकावतो तो दात. आणि तोही कुठे, तर कोट्यवधी जिवाणू नांदतात अशा तोंडात! असे धाडस निसर्ग करतो, कारण त्या जागी त्याने विलक्षण बंदोबस्त करून ठेवलेला असतो.

हिरडीच्या वरच्या थरातल्या पेशी दाताच्या पृष्ठभागाला अतिसूक्ष्म बटणांसारख्या रचनांनी चिकटतात. त्यांना हेमिडेस्मोझोम म्हणतात, आणि त्या चिकटण्यात लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. हा झाला पहिला दरवाजा. त्याच्या खाली दुसरा, अधिक भक्कम. तिथे कोलॅजेनचे तंतू हिरडीतून निघून दाताच्या मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरात थेट घुसतात. जमिनीत मुळे रुतावीत तसे, दाताशी जवळजवळ काटकोनात. या दोन्ही थरांची मिळून उंची जेमतेम दोन मिलिमीटर. पण त्या दोन मिलिमीटरच्या आधारावर माणसाचा दात साठ-सत्तर वर्षे टिकतो.

इम्प्लांटला सिमेंटम नसते. धातूत तंतू घुसणार कुठे?

या विषयाचा इतिहास हाडापासून सुरू झाला आणि बराच काळ हाडापाशीच रेंगाळला. १९५२च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली जाई. अभ्यास संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेचना. हाडाने तिला आपले मानले होते. ब्रोनेमार्क यांनी ही अडचण संधी मानली आणि १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत ते इम्प्लांट कामात होते. हाड आणि टायटॅनियम यांच्या या मिलाफाला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव मिळाले आणि १९८२च्या टोरांटो परिषदेनंतर जगभरच्या दंतवैद्यांनी ते स्वीकारले.

टायटॅनियम शरीराला चालते याचे कारण तो धातू हवेत येताच स्वतःभोवती ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार करतो. ऊतींशी गाठ पडते ती या पापुद्र्याची, धातूची नव्हे. (रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पायाला काळी चमकदार वाळू लागते, तिच्यातल्या इल्मेनाइट खनिजातही हेच टायटॅनियम असते. कोकणी माणसाला हा धातू अगदीच परका नाही.)

पुढची दोन-तीन दशके सगळे लक्ष ‘हाड लवकर कसे धरेल’ यावर राहिले. हिरडीचा विचार झाला तो ‘येईल आपोआप जुळून’ अशा हिशेबाने. ती जुळते, पण कशी, हे १९९१ मध्ये गोथेनबर्गमधल्याच टॉर्ड बेर्ग्लुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीगल जातीच्या कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासातून दिसले. जबड्याच्या एका बाजूला नैसर्गिक दात आणि दुसऱ्या बाजूला इम्प्लांट ठेवून दोन्हींच्या ऊतींचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. वरून पाहता दोन्हीकडची हिरडी सारखीच निरोगी होती. आत मात्र मोठा फरक होता. दाताभोवतीचे तंतू मुळात रुतलेले, तर इम्प्लांटभोवतीचे तंतू त्याला समांतर धावत होते. खांबाला दोरखंड बांधलेले असणे आणि खांबाशेजारी दोरखंड नुसते उभे करून ठेवणे, यातला हा फरक आहे. शिवाय दाताभोवतीच्या हिरडीला दातामुळाच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांकडूनही रक्त मिळते. इम्प्लांटभोवती ते आवरणच नसल्याने ती वाट बंद होते. तिथल्या ऊतीत तंतू जास्त, पेशी आणि रक्तवाहिन्या कमी, जवळपास जुन्या जखमेच्या व्रणासारखी स्थिती.

कमी रक्त म्हणजे कमी शिबंदी. जिवाणू आत शिरले की प्रतिकार करणाऱ्या पेशी उशिरा आणि कमी संख्येने पोचतात. मग सूज फक्त हिरडीपुरती असेल तर तिला म्युकोसायटिस म्हणतात, आणि ती साफसफाईने परतवता येते. सूज हाडापर्यंत उतरून हाड झिजू लागले की तो पेरी-इम्प्लांटायटिस. गुरुजींना झाला तो हा. २०१५ मध्ये यान डेर्क्स आणि क्रिस्टियानो टोमासी यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा म्युकोसायटिसचे सरासरी प्रमाण ४३ टक्के आणि पेरी-इम्प्लांटायटिसचे २२ टक्के निघाले. वेगवेगळ्या अभ्यासांत ‘रोग’ कशाला म्हणायचे याची व्याख्या वेगळी होती, त्यामुळे हे आकडे जपूनच वापरावेत. तरी पाच जणांत एक हा आकडा अर्धा धरला तरी लहान नाही.

सांधा किती सैल असतो याचा एक धडा सिमेंटने दिला. इम्प्लांटवरची कॅप कधी स्क्रूने बसवतात, कधी सिमेंटने चिकटवतात. चिकटवताना जास्तीचे सिमेंट बाहेर येते. नैसर्गिक दाताजवळ ते हिरडीतल्या तंतूंच्या बांधापाशी अडते. इम्प्लांटजवळ तसा बांध नसल्याने ते खाली घसरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेतील थॉमस विल्सन यांनी २००९ मध्ये सूज आलेल्या इम्प्लांटभोवती छोट्या दुर्बिणीने आत पाहिले, तर ८१ टक्के ठिकाणी उरलेले सिमेंट सापडले. ते काढल्यावर त्यातल्या बहुतेक हिरड्या शांत झाल्या.

जांभ्याची भिंत आणि शेवाळ

मग धातूचा पृष्ठभागच असा करता आला तर, की हिरडी त्याला घट्ट धरेल? गेली चाळीसेक वर्षे संशोधक या प्रश्नाशी झगडत आहेत. त्यातली खरी अडचण तळ्याच्या कुठल्याही जुन्या घराच्या कुंपणावर दिसते. गुळगुळीत फरशीवर वेल चढत नाही, खडबडीत जांभ्यावर सरसर चढते. पण त्याच जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळही धरते. हाडातल्या भागासाठी पृष्ठभाग खडबडीत हवा, म्हणून आज बहुतेक इम्प्लांट वाळूचा मारा करून आणि आम्लात बुडवून मुद्दाम खरखरीत केलेले असतात. हिरडीतून जाणारा भाग, ज्याला दंतवैद्य अॅबटमेंट म्हणतात, तो मात्र बहुधा गुळगुळीत ठेवतात, कारण तिथे शेवाळ म्हणजे जिवाणूंचा थर नको. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात दाखवले की खरखरीतपणा ०.२ मायक्रॉनपेक्षा वर गेला की जिवाणूंचा थर वाढतो. त्याखाली कितीही घासून गुळगुळीत केले तरी विशेष फायदा नाही.

१९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटले. शरीरात कुठलीही वस्तू बसवली की तिची जागा पटकावण्यासाठी शरीराच्या पेशी आणि जिवाणू एकाच वेळी धावतात. पेशी आधी पोचल्या तर वस्तू शरीराची होते, जिवाणू आधी पोचले तर त्यांची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्यांना हे शास्त्र वेगळे समजावून सांगायला नको.

शर्यतीत पेशींना पुढे काढण्याचा एक मार्ग आकारमानाच्या फरकातून सापडला. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, तर हिरडीत तंतू विणणारी फायब्रोब्लास्ट पेशी त्याच्या दहा-वीसपट मोठी. कॅनडातील व्हँकुव्हर येथे डोनाल्ड ब्रुनेट यांच्या गटाने १९८०च्या दशकात टायटॅनियमवर सूक्ष्म खाचा कोरून पाहिल्या. पेशी त्या खाचांच्या दिशेने पसरतात, बैलगाडीचे चाक चाकोरीत चालावे तशा. खाचा आडव्या असल्या, तर वरच्या थरातल्या पेशींचे खाली सरकणेही मंदावते. आणि ते महत्त्वाचे आहे, कारण या पेशी इम्प्लांटलगत जितक्या खाली सरकतात तितका तो फटीचा मार्ग लांबतो.

पुढे लेसरने या खाचा नेमक्या मापाच्या करता येऊ लागल्या. ८ ते १२ मायक्रॉन रुंदीच्या खाचा कोरलेल्या इम्प्लांटची कॉलर बाजारात आली. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर एका केसाखाली अशा सहा-सात खाचा बसतील. २००८ मध्ये मायरन नेव्हिन्स आणि सहकाऱ्यांनी मानवी ऊतींचे छेद तपासून सांगितले, की या खाचांजवळ तंतू समांतर न धावता पृष्ठभागाकडे वळून त्याला भिडलेले दिसतात. आजवर जे कुणाला धड जमले नव्हते त्याची ही खूण होती, म्हणून बातमी मोठी ठरली. पण रुग्ण मोजकेच होते. कारण उघड आहे. छेद पाहायचा तर चांगला बसलेला इम्प्लांट भोवतालच्या ऊतीसकट कापून काढावा लागतो, आणि त्याला कोण तयार होईल? म्हणूनच या क्षेत्रातला बराचसा पुरावा कुत्र्यांच्या जबड्यातला किंवा प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीतला असतो. ताटलीत लाळ नसते. तोंडात काहीही ठेवले की काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर त्यावर बसतो, आणि मग पेशीला भेटतो तो आपण मेहनतीने कोरलेला पृष्ठभाग नव्हे, तर लाळेने सारवलेला. ताटलीत जिंकलेले कितीतरी पृष्ठभाग तोंडात हरतात ते इथेच.

कशापासून अॅबटमेंट घडवला यानेही फरक पडतो. इंगमार आब्राहमसन यांच्या १९९८च्या अभ्यासात टायटॅनियम आणि अॅल्युमिनाची सिरॅमिक यांच्याशी हिरडीने सांधा धरला. सोन्याच्या मिश्रधातूशी आणि दातासारख्या पोर्सेलिनशी तो नीट धरला नाही. हिरडी मागे हटली आणि हाडही झिजले. सोने म्हणजे उत्तम ही आपली सवय इथे चालत नाही. आजकाल पांढऱ्या झिर्कोनियाचे अॅबटमेंट वापरतात. पातळ हिरडीतून टायटॅनियमची करडी छटा दिसते, ती झिर्कोनियाने टळते.

काही अॅबटमेंट सोनेरी किंवा गुलाबी दिसतात. सोनेरी रंग बहुधा टायटॅनियम नायट्राइडच्या मुलाम्याचा असतो, नाहीतर विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा पापुद्रा जाड केल्याचा. या दुसऱ्या प्रकारात रंगद्रव्य औषधालाही नसते. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलात जसे रंग दिसतात तसेच हे, पापुद्र्याच्या जाडीप्रमाणे प्रकाशाने दाखवलेले. विजेचा दाब बदलला की रंग बदलतो. हिरडी त्यामुळे अधिक नैसर्गिक दिसते हे खरे. अधिक घट्ट धरते का, याचे उत्तर अजून तितके ठाम नाही, आणि जाहिरातीत या दोन गोष्टी सहज एकमेकींत मिसळतात.

आणखी एक साधी वाटणारी गोष्ट म्हणजे स्वच्छता, तीही रेणूंच्या पातळीवरची. टायटॅनियम पाकिटात पडून राहिला तरी हवेतले कार्बनचे अंश त्यावर बसतात आणि पृष्ठभाग पाण्याला झिडकारू लागतो, तेल लागलेल्या ताटासारखा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ताकाहिरो ओगावा यांच्या गटाने याला टायटॅनियमचे म्हातारपण म्हटले आणि अतिनील किरणांनी ते घालवता येते हे दाखवले. बसवण्याआधी अतिनील किरणांत किंवा वायूच्या प्लाझ्मात काही वेळ ठेवले की थेंब पुन्हा पसरतो आणि पेशीही अधिक चटकन चिकटतात. यात नवा मुलामा नाही, सुटून येईल असे काही नाही, म्हणून हा मार्ग अनेकांना आश्वासक वाटतो.

सर्वांत महत्त्वाकांक्षी वाट मात्र लॅमिनिनची. निसर्ग ज्या प्रथिनाने हिरडी दाताला चिकटवतो, त्याचाच एक छोटा तुकडा टायटॅनियमवर रासायनिक बंधाने जोडायचा, म्हणजे पेशीला आपली ओळखीची खूण सापडेल आणि ती हेमिडेस्मोझोमची बटणे लावेल. मिनेसोटा विद्यापीठात कॉनरादो अपारिसिओ यांच्या गटाने या दिशेने बरेच काम केले. जिवाणू मारणारे तुकडेही सोबत जोडून पाहिले गेले. हे अजून गावातल्या दवाखान्यापर्यंत आलेले नाही.

याच प्रश्नावर एक उत्तर जंगलातही आहे. तळ्याहून फार लांब नसलेल्या फणसाड अभयारण्यात सांबर आहेत. सांबराचे शिंग हे हाड, आणि ते कातडी भेदून बाहेर येते, तरी त्या जागी पू होत नाही. लंडनजवळच्या स्टॅनमोर येथे गॉर्डन ब्लन आणि सहकाऱ्यांनी हरणाच्या शिंगाचा हा सांधा बारकाईने पाहिला. कातडीखालचे हाड तिथे सच्छिद्र होते आणि कातडीच्या आतले तंतू त्या छिद्रांत घट्ट गुंतले होते. त्यावरून त्यांनी पाय गमावलेल्यांसाठी हाडात बसवून कातडीबाहेर येणारा रॉड तयार केला. त्याची सच्छिद्र कडा कातडीच्या खाली राहते, बाहेरचा भाग गुळगुळीत. म्हणजे जांभा आत, फरशी बाहेर. दाताच्या इम्प्लांटची आजची दिशाही साधारण हीच आहे.

गुरुजींच्या हातात काय

पृष्ठभाग कसाही असो, सांधा पक्का व्हायला वेळ लागतो. प्राण्यांवरच्या अभ्यासांत हिरडीचा सांधा स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागलेले दिसले. या काळात आणि नंतरही अॅबटमेंट पुन्हा पुन्हा काढून लावला, तर दर वेळी हिरडी सुटते आणि थोडी खाली जाऊन पुन्हा धरते. आब्राहमसन यांनी १९९७ मध्ये कुत्र्यांवर हे दाखवले, हाडही त्यामागोमाग झिजले. म्हणून आता अनेक दंतवैद्य कायमचा अॅबटमेंट पहिल्याच वेळी बसवून तो हलवायचा नाही, असे धोरण ठेवतात. लांबून येणाऱ्या रुग्णाच्या फेऱ्याही त्याने वाचतात. तळ्याच्या माणसाने दंतवैद्याला विचारण्यासारखा हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न : कॅप स्क्रूची की सिमेंटची? तिसरा : इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणारी हिरडी पुरेशी आहे का? साधारण दोन मिलिमीटर असली तर साफसफाई सोपी जाते. कमी असेल तर टाळूवरची थोडी हिरडी घेऊन तिथे लावता येते, आणि महागड्या कॉलरपेक्षा त्याचा उपयोग काही वेळा जास्त होतो.

मशेरीचा मुद्दा टाळता येत नाही. कोकणात घरातल्या बायकाही सकाळी मशेरी लावतात आणि तिला तंबाखू म्हणून कुणी मोजत नाही. दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. जिथे मुळात रक्तपुरवठा तोकडा, त्या हिरडीवर ती रोज चोळणे म्हणजे सांध्यावर रोज घाव. अनियंत्रित मधुमेहाचेही तसेच. साखर ताब्यात नसेल तर जखम भरत नाही, मग पृष्ठभाग लेसरने कोरलेला असो वा नसो.

घरची सफाई म्हणजे मऊ ब्रश आणि फटीत जाणारा बारीक ब्रश. टाचणी, काडी किंवा सेफ्टी पिन अजिबात नको. दवाखान्यातही अॅबटमेंटवर साध्या पोलादी हत्याराने खरवडले तर ओरखडे उठतात, आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे जिवाणूंना नवी चाकोरी. त्यासाठी प्लास्टिकची किंवा टायटॅनियमची वेगळी हत्यारे मिळतात.

देशी इम्प्लांटचे कामही झाले आहे. दिल्लीच्या मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेने आणि आयआयटी दिल्लीने सीएसआयआरच्या मदतीने ते विकसित केले. किंमत खाली आली तर इम्प्लांट गावोगावी पोचतील, आणि त्यांची देखभालही गावाजवळच करावी लागेल. इथे एक अगदी क्षुल्लक वाटणारी अडचण येते. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचे माप आणि किल्ली वेगळी. मुंबईत बसवलेला इम्प्लांट माणगावातल्या दंतवैद्याला उघडता यावा, यासाठी कंपनीचे नाव, माप आणि बसवल्याची तारीख लिहिलेले कार्ड रुग्णाकडे हवे. बहुतेक कंपन्या त्यासाठी स्टिकर देतात. ते दवाखान्याच्या फाइलमध्ये चिकटते आणि रुग्णाला माहीतही नसते.

आपल्या गुरुजींनी आता ते मागून घेतले आहे, असे समजू. खचलेला भाग साफ करून झाला. हाड गेले तेवढे गेले, उरलेले धरून आहे. दर चार महिन्यांनी माणगावात तपासणी ठरली आहे, आणि कार्ड पेन्शनच्या पासबुकात ठेवले आहे.